भोंग्याची सुट्टी

त्या आठवड्यात आमच्या घरात कोणीतरी धडधडीत खोटं बोलत होतं. एक तर भोंग्याची शेपटी, नाहीतर आबांचा पट्टा. माझा संशय पट्ट्यावर होता.

भोंगा म्हणजे आमचा कुत्रा. जातिवंत वगैरे काही नाही, अस्सल गावठी. घाटात दरड कोसळली की ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस कुठे आहे ते वासावरून हुडकायचं आणि सापडलं की तीनदा भुंकायचं, हे त्याचं काम. आवाज असा की बचाव पथकातल्या लोकांनीच त्याचं नाव भोंगा ठेवलं. नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने सतरा माणसं जिवंत शोधून काढली. सतरा! आमच्या वर्गात कुणाचाही कुत्रा कितीही देखणा असो, मी एवढा एक आकडा सांगते आणि गप्प बसते.

आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याच पथकात त्याचे जोडीदार होते. शोधयंत्रं बनवणारे शास्त्रज्ञही तेच. दोघं एकाच दिवशी निवृत्त झाले. २०४७ साली, हार घालून.

भोंगा तेरा वर्षांचा झाला आणि त्याच्या पुढच्या उजव्या पायात हाडाचा कर्करोग निघाला. डॉक्टर शबाना मुकादम त्याला तपासायला घरीच येत. त्यांनी आमच्यापासून काही लपवलं नाही. "हा बरा होणार नाही, ऋजुता. रोग फुप्फुसापर्यंत पोचलाय. पण उरलेले दिवस त्याला कमीत कमी दुखेल, एवढं आपण नक्की करू शकतो."

याला उपशामक काळजी (आजार बरा होत नसला तरी त्याचा त्रास कमी करणारे उपचार) म्हणतात. आम्ही ती मनापासून केली. गुळगुळीत फरशीवर त्याचा पाय सरकू नये म्हणून सगळीकडे सतरंज्या अंथरल्या, कापसाची गादी शिवून घेतली, वेदनाशामक गोळी अंड्यात लपवून भरवली.

मग डॉक्टरांनी दुसरा शब्द सांगितला. दयामरण (बरं न होणाऱ्या प्राण्याला वेदनेतून सोडवण्यासाठी डॉक्टरांनी गाढ झोपेत दिलेलं शांत मरण). आई रडली. मी रडले नाही, भांडले. शेवटी माझ्या हट्टापुढे सगळ्यांनी एक गोष्ट कबूल केली. रोज शाळेतून आल्यावर मी घरात कुठेतरी लपते आणि भोंगा मला शोधतो, हा आमचा जुना खेळ. जोवर भोंगा मला शोधायला उठतोय, तोवर इंजेक्शनचं नाव काढायचं नाही.

आणि भोंगा रोज उठत होता. कान ताठ, शेपटी गरागरा, नाक जमिनीला. मी कपाटामागे असो की गॅलरीत, तो यायचा आणि तीनदा भुंकायचा.

फक्त तो पट्टा! आबांनी बनवलेला वेदनापट्टा भोंग्याच्या छातीभोवती असे. नाडी, श्वास आणि चालताना कुठल्या पायावर तो किती भार टाकतो, हे सगळं पट्टा टिपायचा आणि भिंतीवरच्या पडद्यावर रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे आराम, पिवळा म्हणजे दुखतंय, लाल म्हणजे फार दुखतंय. दिवसभर पिवळा असलेला पडदा रोज बरोबर आमच्या खेळाच्या वेळी लालभडक व्हायचा.

"आबा, तुमचा पट्टा बिघडलाय," मी म्हणाले. "तो सगळ्यात खूश असतो, नेमकं तेव्हाच लाल कसं?"

आबांना कुणी त्यांच्या यंत्राची चूक दाखवली की राग येत नाही, हुरूप येतो. "तपासू या की! बांध माझ्याच छातीवर." त्यांनी पट्ट्याची मापं माणसासाठी बदलली आणि म्हणाले, "चल, गच्चीवर जाऊ."

अर्धा जिना चढल्यावर मी विचारलं, "आबा, गुडघा दुखतोय का?"

"छे! काही नाही."

माझ्या हातातला, पट्ट्याला जोडलेला छोटा पडदा गर्द पिवळा झाला होता. मी तिथूनच आईला हाक मारली. आई आली, तिने पडदा पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "रोज विचारते तर म्हणे काही नाही! उद्याच दाखवायला जायचं." आबांचा चेहरा लोणी चोरताना सापडलेल्या मांजरासारखा झाला.

म्हणजे पट्टा खरं बोलत होता. मला हसू आलं, पण क्षणभरच.

"मग भोंग्याची शेपटी खोटी?" मी विचारलं.

आबा पायरीवर बसले. "नाही गं. तीही खरी. नीट ऐक. रानात लंगडणाऱ्या प्राण्यावर शिकाऱ्याची नजर आधी जाते. ज्यांना दुखणं लपवता आलं ते जास्त तगले, त्यांची पिल्लं झाली. म्हणून दुखणं लपवणं हे पिढ्यानपिढ्या प्राण्यांच्या अंगात मुरलंय. ही झाली एक गोष्ट."

"आणि दुसरी?"

"आवडतं काम समोर आलं की मेंदू स्वतःच वेदनाशामक रसायनं सोडतो. तेवढ्यापुरतं दुखणं कमी भासतं. पण दुखऱ्या हाडावर भार पडायचा तो पडतोच. शोध संपला की भोंगा किती वेळ धापा टाकतो, पाहिलंयस?"

पाहिलं होतं. मला वाटायचं, दमला असेल.

"म्हणजे तो खूशही असतो आणि त्याला दुखतही असतं? एकाच वेळी?"

"एकाच वेळी." आबांनी छातीवरचा पट्टा सोडला. "ऋजू, पथकात शोध संपला की आम्ही एक शब्द म्हणायचो. सुट्टी. तो ऐकल्याशिवाय भोंगा काम सोडायचा नाही. खेळ संपल्यावर तू कधी म्हणालीस?"

"नाही. मी तर खेळत होते!"

"तो खेळत नव्हता. मलाही हे आज उमगतंय. इतकी वर्षं त्याच्याबरोबर काढली आणि शेवटी मीही शेपटीलाच फसलो."

तो खेळ मी परीक्षा म्हणून ठेवला होता. आणि भोंग्यासारखा कुत्रा त्या परीक्षेत कधीच नापास होणार नव्हता. त्याचं हाड मोडलं असतं तरी तो उठला असता. तेव्हा मात्र मी रडले, चांगली भोकाड पसरून. मग तोंड धुतलं आणि स्वतःच डॉक्टरांना फोन लावला.

"पट्टा काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

"पट्टा ठरवणार नाही," मी म्हणाले. "पट्ट्याने फक्त सांगितलं. ठरवलं आम्ही."

रविवारी सकाळी डॉक्टर आल्या. ऊन भोंग्याच्या गादीवर आलं होतं. त्यांनी सगळं आधी समजावलं. पहिल्या इंजेक्शनने गाढ झोप लागते, ऑपरेशनच्या आधी माणसाला लागते तशी. मग काहीच जाणवत नाही. दुसरं इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाचाच मोठा डोस. त्याने आधी मेंदू थांबतो, मग श्वास, मग हृदय. "डोळे उघडे राहतील. घाबरू नकोस. त्याला ते कळत नसतं."

"एक मिनिट," मी म्हणाले. "शेवटचा शोध राहिलाय."

मी त्याच्या शेजारी गादीवरच आडवी झाले आणि डोक्यावरून गोधडी ओढून घेतली. उठायची गरजच नव्हती. थोड्या वेळाने गोधडीखाली ओलं नाक शिरलं. माझ्या मानेला लागलं. भोंगा भुंकला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा नुसतीच हवा निघाली, पण मी ते भुंकणंच धरलं.

मी उठून बसले आणि बक्षिसाचा लाल चेंडू त्याच्या तोंडात दिला. "शाबास, भोंगा! सुट्टी."

त्याचे ताठ कान सैल झाले. मान माझ्या मांडीवर आली. पडदा अजून पिवळाच होता. डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं आणि पडदा हळूहळू हिरवा झाला. कितीतरी दिवसांनी आम्ही तो रंग पाहिला. मग चेंडू सुटला. आबांचा हात त्याच्या पाठीवर होता. दुसऱ्या इंजेक्शननंतर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली.

दुपारी बाराला पथकाच्या ठाण्यावरचा भोंगा तीनदा वाजला. अख्ख्या गावाला ऐकू गेला. माझी छाती अभिमानाने एवढी भरून आली की रडायला जागाच उरली नाही.

आता पथकात नवा नियम झालाय. कुठल्याही कुत्र्याच्या नुसत्या शेपटीवर विश्वास ठेवायचा नाही, पट्टाही बघायचा. हा नियम भोंग्याच्या नोंदींवरून केलाय. आणि पिल्लांना शोध शिकवायला कुणीतरी लपणारं लागतं, ते काम दर रविवारी माझ्याकडे असतं.

परवा एका पिल्लाने मला पहिल्यांदा शोधलं. पिंपात होते मी. ते तीनदा भुंकलं आणि माझ्याकडे बघत तसंच उभं राहिलं, अंग थरथरत होतं, पण हलेना. ते कशाची वाट बघतंय, हे मला माहीत होतं.

"शाबास," मी म्हणाले. "सुट्टी."