ओ देऊ नये

पाहुणे यायचे असले की त्या दिवशी मी अकरा वाजता खाली उतरायचो. मी गच्चीवरच्या खोलीत राहायचो आणि तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट दोन-चार दिवसांच्या मुक्कामाला द्यायचो. चादरी बदलायचो, मोरीच्या जाळीतले केस काढायचो, गॅसची नळी हाताने चाचपायचो, कचऱ्याच्या डब्याला नवी पिशवी लावायचो. बायको गेल्यावर चार महिन्यांनी मुलीने ही कल्पना काढली. ती दुसऱ्या शहरात असते. "बाबा, चार माणसं येतील-जातील, तुमच्याशी बोलतील," म्हणाली. माणसं बोलायची ती वायफायच्या पासवर्डबद्दल.

नियम मात्र मी केले. नऊ आहेत. चपला बाहेर काढाव्यात, गिझर बंद करावा, ठरल्यापेक्षा जास्त माणसं आणू नयेत, असे. पाचवा कुकरच्या शिट्टीबद्दल आहे, कारण एकाने ती खरंच सोबत नेली. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून दाराशेजारी लावलाय. पण मी बत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्यात एक गोष्ट पक्की कळली. लावलेली सूचना कुणी वाचत नाही. मी प्रत्येक लिफ्टमनकडून ती मोठ्याने वाचून घ्यायचो. डोळ्यांनी वाचलेलं विसरतं, तोंडाने म्हटलेलं राहतं. म्हणून पाहुण्याच्या हातात किल्ली देण्याआधी मी त्याला कागदासमोर उभं करायचो आणि सांगायचो, वाचा. मग वहीत सही.

समोरच्या वहिनी दारातून बघायच्या आणि हसायच्या. "काय हेडमास्तर, आज कुणाची तोंडी परीक्षा?"

त्या दिवशी परीक्षकच आल्या होत्या. कुठल्याशा कॉलेजात परीक्षा घ्यायला आलेल्या प्राध्यापक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. "नऊ. जाताना किल्ली पेटीत टाकावी. दहा. दुपारी आतल्या खोलीतून हाक आली तर ओ देऊ नये."

आणि सहीसाठी पेन मागितलं.

"बाई, शेवटचा परत वाचता का?"

त्यांनी परत वाचला. त्यांचं बोट नवव्या नियमाखालच्या कोऱ्या जागेवर होतं आणि एकेका शब्दावरून सरकावं तसं सरकत होतं.

"हाक कुणाची, ते नाही लिहिलेलं," त्या म्हणाल्या.

"जुना नियम आहे," मी म्हणालो. असं का म्हणालो ते मला माहीत नाही. त्या निघून गेल्यावर मी कागद काढून खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, पाठीमागून बघितला. नऊ होते.

मी घाबरलो नाही. लिफ्ट मधेच थांबली की लोक भूत म्हणतात, आपण वायर बघायची, ही माझी सवय. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा कागद छापून आणला आणि दुकानदाराला मोजायला लावले. त्यानेही नऊ मोजले. नंतर आलेला पाहुणा औषधं विकत गावोगाव फिरणारा माणूस होता, तोंडात सुपारी असल्यासारखं भरभर बोलणारा. त्याने नऊही वाचले आणि दहावाही, त्याच शब्दांत, त्याच सुरात, जसा गिझरचा वाचला तसा.

दोन दिवसांनी किल्ली पेटीत टाकताना तो म्हणाला, "काका, पाळला बरं का तुमचा दहावा. पण जड गेलं."

"काय जड गेलं?"

"ओ न देणं. घरी सवय असते ना. कुणी 'अहो' म्हटलं की आपल्या तोंडातून निघतंच. मी उशी दाबून बसलो तोंडावर." तो हसला. "आजारी आहेत का कुणी शेजारी?"

"किती वाजता आली हाक?"

"साडेतीन असतील. दोन्ही दिवस एकदाच."

आता जे मी कुणाला सांगितलं नाही ते सांगायला हवं.

बायको आठ महिने अंथरुणावर होती. कंबरेखाली काही हलत नव्हतं. दिवसाला चाळीस-पन्नास हाका. अहो, पाणी. अहो, कूस वळवा. अहो, पडदा. अहो, काही नाही, तुम्ही आहात ना ते बघत होते. मी प्रत्येक हाकेला ओ दिली. हे बढाई म्हणून सांगत नाही, दुसरं कुणी नव्हतंच. त्या दुपारी मी मागच्या बाल्कनीत स्टुलावर चहा घेऊन टेकलो होतो. सकाळपासूनचा पहिला. साडेतीनला हाक आली. मी ऐकली. चहा गरम होता. मनात म्हटलं, एक हाक जाऊ दे, दुसरीला उठू.

दुसरी आली नाही. मी चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि आत गेलो. तिची मान दाराकडे वळलेली होती.

डॉक्टर म्हणाले, झोपेत गेल्या. मी मान हलवली. मुलीला तेच सांगितलं. सगळ्यांना तेच सांगितलं.

औषधवाला गेल्यावर मी समोरच्या वहिनींना बोलावून कागद वाचायला लावला. त्यांनी नऊ वाचले आणि थांबल्या. "संपलं. आता दहावा काय, परीक्षकाला चहा द्यावा?" त्यांना दिसत नव्हता. मलाही नाही. जो त्या घरात झोपणार असेल त्यालाच दिसत होता. पुढच्या दोन महिन्यांत अकरा पाहुणे आले. अकराही जणांनी दहावा वाचला, आणि जाताना वहीत पुन्हा सही करून गेले की सगळे नियम पाळले.

हे वाचताना कुणाला वाटेल की मला भीती वाटत असेल. मला राग येत होता. एवढी माणसं येत होती, तिची हाक ऐकत होती, आणि माझ्याच नियमाने गप्प बसत होती. मी नियम काढून टाकावा म्हटलं तर काढायला तो लिहिलेला कुठे होता? एका पाहुण्याला मी सांगून बघितलं, "दहावा सोडा, हाक आली तर बिनधास्त ओ द्या." तो सभ्य माणूस होता. "नको काका," म्हणाला, "लिहिलंय तर पाळू. उगाच कशाला."

मग मुलगी आली. एक रात्र राहिली. पाहुणे नव्हते म्हणून फ्लॅटमध्येच झोपायचं ठरलं. कागद बघून तिला हसू आलं. "मीपण आता पाहुणीच ना? घ्या, माझीही तोंडी घ्या." एकेक नियम नाटकी आवाजात वाचत गेली. कुकरच्या शिट्टीला थांबून हसली. नववा वाचला. तिचं बोट खाली सरकलं, ओठ उघडले, आणि मिटले.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? नऊच आहेत." तिने बोट उचललं आणि ओढणीला पुसलं.

संध्याकाळी ताटं पुसताना, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "बाबा, त्या दुपारी आईने तुम्हाला हाक मारली होती का?"

"नाही गं. झोपेत गेली ती."

"बरं." तिने एकच ताट पुन्हा पुसलं. "महिनाअखेरीला माझ्याकडे चला. हे जिने, ती गच्चीवरची खोली, पुरे झालं. फ्लॅटचं काय ते मी फोनवरून बघेन."

"बरं," मी म्हणालो. वाद घालायला अंगात काही उरलेलं नव्हतं. पण जाण्याआधी मला एक ओ द्यायची होती. तेवढीच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी एकाही पाहुण्याला जागा दिली नाही. बॅग भरून दाराशी ठेवली. मुलगी पाचला गाडी घेऊन येणार होती. अडीच वाजता मी फ्लॅटमध्ये गेलो, बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो. रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू झाली आणि गेली. वरच्या टाकीत पाणी पडायचं थांबलं.

साडेतीनला हाक आली.

"अहो."

लांबून नाही, दबकी नाही. नेहमीसारखी, शेवटी थोडी खाली उतरणारी.

"ओ," मी म्हणालो.

उठून आत गेलो. पलंगावर मीच सकाळी घातलेली चादर होती. एक सुरकुती नव्हती. मी पलंगाच्या कडेवर बसलो.

"आलो गं. काय हवंय?"

काही नाही.

मग मागच्या बाल्कनीत स्टूल करकरलं. कुणी टेकलं की ते करकरतं तसं. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"अगं," मी म्हणालो.

बाल्कनीत कुणीतरी चहावर फुंकर मारली.

मी उठायला गेलो. पाय उचलले नाहीत. मांड्यांवर हात ठेवून जोर लावला. माझेच पाय, पण ते दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पलंगावरून लोंबत होते. बाल्कनी तिथून चार पावलांवर आहे.

"अगं, ऐकतेस ना?"

घोट घेतल्याचा आवाज. सावकाश. घाई नव्हती.

मी परत हाक मारली. किती वेळा मारली ते मोजलं नाही. तिला ऐकू जात होतं. ऐकू जाणाऱ्या माणसाची शांतता वेगळी असते, ती मला ओळखू येते. मी स्वतः तशी बसलेलो आहे.

मग मोरीत नळ सुटला. कप विसळला गेला. नळ बंद झाला.

मग माझे पाय हलले.

मी बाल्कनीत गेलो नाही. कप ओला होता का, ते बघितलं नाही. दार ओढून घेतलं, किल्ली पेटीत टाकली आणि पाच वाजेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. वहिनी खाली जाता जाता थांबल्या, मी 'निघालो' म्हणायला गेलो, तर म्हणाल्या, "काय हो, घसा बसलाय का? आवाज नाही निघत तुमचा."

मुलीकडे मला खोली आहे, खिडकी पार्किंगवर उघडते. दुपारी जेवण झालं की डोळा लागतो. पूर्वी कधी लागायचा नाही. साडेचारला उठतो तेव्हा घसा खरखरत असतो आणि अंग असं गळलेलं, जणू रात्रभर लिफ्टच्या खड्ड्यात काम करून आलोय. जावई म्हणाले, कानात-घशात काही दोष असेल, दाखवून घेऊ. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. "फार बोलता का?" असं विचारलं. मुलगी म्हणाली, "अहो, दिवसभरात दहा शब्द बोलत नाहीत."

फ्लॅट ती फोनवरून सांभाळते. पाहुणे पेटीतून किल्ली घेतात, कागद भिंतीवर असतो. मोठ्याने वाचून घ्यायला तिथे आता कुणी नाही.

परवा एक कुटुंब राहून गेलं. त्यांनी वेबसाइटवर अभिप्राय लिहिला. मुलीने तो मला वाचून दाखवायला सुरुवात केली, मधेच थांबली आणि फोन माझ्या हातात दिला. उरलेलं मी वाचलं.

"जागा स्वच्छ. पाणी भरपूर. तीन जिने चढावे लागतात एवढंच. नियम स्पष्ट लिहिलेले आहेत आणि आमच्या मुलांनीसुद्धा सगळे पाळले. दुपारी हाका मारणाऱ्या त्या दोघांनाही ओ दिली नाही."