बारा नंबरची पवनचक्की

सरकून बसा पोरांनो, वारं लागतंय. ही ऐकीव गोष्ट न्हाय. माझ्या सख्ख्या मेव्हण्यावर, मायाप्पावर गुदरलेली हाय.

कुंभारीच्या पुढं माळावर पवनचक्क्या हायेत की, तितल्या कंट्रोल रूमला तो असतो. गेल्या आषाढातली दिव्यांची अवस. रात्रीचे साडेदहा. पाऊस झाल्यानं शेतातल्या मोटरी बंद, विजेला गिऱ्हाईक न्हाय, आन वारं तर उधळलेलं. वीज लई झाली की लाइनींवर ताण येतो. म्हणून वरच्या हापिसातनं फोन आला, पंखे थांबवा.

मायाप्पानं खोलीत बसूनच एकेक पंखा थांबवला. बारा नंबर मात्र ऐकंना. मग त्यानं जोडीदाराला, बिभीषणला, गाडीवर धाडलं. खांबाच्या बुडाला दार असतं, आत बटण. दाबून यायचं, एवढंच काम.

थोड्या वेळानं वायरलेस बोलला. बिभीषणचाच आवाज.

"मायाप्पा, दार लागलं. मी आत अडकलोय, हितलं बटणबी चालंना. पंखा थांबव की."

ह्यानं बटण दाबलं. परत दाबलं. पडद्यावर पंखा फिरतच हुता. लाइन तोडू का म्हणून वरच्या हापिसाला विचारलं. ते म्हणले, ह्या वाऱ्यात लाइन तोडली तर पंखा आणखीनच उधळंल. वारं पडायची वाट बघा.

"मायाप्पा... मी शिडी चढतोय. खाली कोन तरी हाय..."

तेवढ्यात मायाप्पाचा मोबाइल वाजला. बिभीषणचाच. म्हणला, वाटंतच चाक बसलं, गाडी ढकलत माघारी येतोय. वायरलेस तर टेबलावरच इसरलो.

मायाप्पानं बघितलं. बिभीषणचा वायरलेस टेबलावर पडलेला. बंद.

"मायाप्पा..."

बिभीषण आला. त्यानं सोताचाच आवाज ऐकला. मायाप्पानं आपला वायरलेस बंद केला, तरी आवाज येतच ऱ्हायला. दोघंबी नुसते ऐकत बसले. काय करणार... वारं कुणाच्या हातात असतंय?

उजाडताना वारं पडलं. पंखा आपसूक थांबला. आवाजबी.

दोघं तितं गेले. दाराला भाईरनं कुलूप, हुतं तसंच. उघडलं. आत कुणी न्हाय. पर दाराला आतल्या बाजूनं काळ्या ग्रीसचा पंजा उठलेला. वला.

बिभीषण पुढं झाला. त्यानं आपला हात त्यावर ठेवला...

बोट न् बोट जुळलं.