खाडीतली मोकळी जागा

खाडीतला गाळ काढायचं काम सुरू झालं, तेव्हापासून नकाशेवाल्या बाईंच्या मागे एकच व्याप होता: तळाशी काय काय गाडलं गेलंय ते शोधायचं आणि नकाशावर लाल शाईने दाखवायचं. जुने नांगर, बुडालेल्या होड्या, मोडके खांब. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचं फिरतं पातं अशा कशात अडकलं, की लोखंडी दोर तुटून माणसांवर येतो. मागच्या वर्षी दुसऱ्या खाडीत एकाचा हात गेला होता. म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून काम करत. घरी वाट बघणारं कोणी नव्हतंच. दुपारचा डबाही त्या खिडकीकडे तोंड करून एकट्याच खात.

ड्रेजर रोज कुठून कुठे गेला, त्याची रेघ संगणकावर उमटे. तिसऱ्या आठवड्यात बाईंच्या लक्षात आलं, की सगळ्या रेघा सरळ होत्या, पण एका ठिकाणी प्रत्येक रेघ वळसा घालून पुढे जात होती. नकाशावर तिथे काहीच नव्हतं.

त्यांनी ड्रेजरवाल्याला बोलावलं.

"तिथे वळता कशाला? तेवढा गाळ तसाच राहतोय."

"वळतो? बाई, मी नाकासमोर चालवतो."

"ही रेघ बघा."

त्याने बघितली आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "तुम्ही जागा मोकळी आहे असं लिहून द्या. मग पातं घालतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, खोली मोजायचं यंत्र घेऊन, बाई म्हाताऱ्या होडीवाल्याबरोबर निघाल्या. स्वच्छ ऊन होतं, पाणी तेलासारखं संथ. होडी त्या जागेवरून सरळ गेली. तळ ताटासारखा सपाट होता. पाच मिनिटांत त्या पलीकडे पोचल्या.

कार्यालयात येऊन त्यांनी यंत्रात नोंदलेली होडीची रेघ उघडली. ती सरळच होती. मध्यावर मात्र ठिपक्यांवर ठिपके साचले होते. होडी तिथे चाळीस मिनिटं उभी होती.

बाई तडक धक्क्यावर गेल्या. होडीवाला दोर गुंडाळत होता.

"काका, आपण मध्ये थांबलो होतो?"

त्याने मान वर केली नाही. "तुम्हीच थांबवायला लावलंत."

"मी? कशाला?"

"होडीच्या काठावरून वाकून बोलत होतात. हसत होतात. चार वर्षांत तुम्हाला कधी हसताना पाहिलं नाही, म्हणून म्हटलं, मध्ये कशाला पडा."

"कोणाशी बोलत होते?"

"मी पाठ फिरवून बसलो होतो, ताई." दोर हातातच थांबला. "पण उत्तरं येत होती."

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. आठवायचा प्रयत्न केला. काही आठवेना. फक्त गाल दुखत होते, पोटभर हसल्यावर दुखतात तसे.

फोन वाजला. ड्रेजरवाला होता.

"मग? मोकळी का जागा?"

"नाही. अडथळा आहे. तिथे पातं घालू नका."

"काय आहे खाली?"

बाईंनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी होडीवाला धक्क्यावर आला, तेव्हा त्या आधीच होडीत बसल्या होत्या. अगदी कडेला सरकून, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.