समुद्रातली रेल्वे

चित्रकलेच्या सरांचं पत्र येऊन एकवीस दिवस झाले होते आणि शाळेच्या ग्रंथपालांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंच होतं. 'चित्र मी फाडलेलं नाही. कोळशाचं काम होतं. ते पक्कं करायला वर मारायचा फवारा संपला होता, म्हणून बटर पेपर घालून कपाटात ठेवलं. सकाळी बटर पेपर जागच्या जागी होता, चित्र नव्हतं. तुम्ही नीट बघणारे आहात. शोधाल का?'

हे आपल्याच्याने व्हायचं नाही, असं वाटून ग्रंथपालांनी पत्र खणात सारलं आणि ते पुस्तकांच्या सफाईला लागले. मुलांना कधीच न मिळणाऱ्या मोठ्या अ‍ॅटलासमध्ये, ऐन महासागरात, कोणीतरी रेल्वेचा रूळ काढला होता. त्यांनी चिडचिड करत तो निम्मा पुसला. तेवढ्यात चहा आला आणि उरलेला तसाच राहिला.

आता सर निलंबित होऊन घरी बसले होते. शनिवारी मुख्याध्यापिका त्यांना काढून टाकण्याच्या कागदावर सही करणार होत्या. आज गुरुवार होता. ग्रंथपाल स्वतःवरच वैतागून उठले.

प्रकरण एवढंच होतं. नववीतल्या एका मुलीने प्रदर्शनासाठी चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी ते नाहीसं झालं आणि त्याच दुपारी निनावी तक्रार आली, की सर मुलींकडून उघड्या बायकांची चित्रं काढून घेतात. अंगाशी येईल म्हणून सरांनीच चित्र फाडलं, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

"बाई, तुम्ही चित्र पाहिलंत?" त्यांनी मुख्याध्यापिकांना विचारलं.

"नाही. असल्यात बघायचं काय असतं?"

"असलं आहे हे कशावरून?"

"तक्रारीत लिहिलंय ना."

मुलीला विचारलंत का, तर तिला यात ओढायचं नाही, असं उत्तर मिळालं.

कपाटाची दुसरी किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला लटकलेली असे. ती कोणी नेली, हे शिपाई मामांना ठाऊक नव्हतं. किल्लीवर पहारा करायला त्यांना नेमलेलं नाही, असं त्यांनी ऐकवलं. वर्गशिक्षिकेनेही चित्र पाहिलं नव्हतं, पण त्यात दोन बायका होत्या याची तिला खात्री होती. मधल्या सुट्टीपर्यंत ग्रंथपालांकडे कोणीच न पाहिलेल्या चित्राची चार वर्णनं जमली. त्यांचं डोकं उठलं.

पर्यवेक्षक भूगोल शिकवत. त्या दिवशी कुठे होतात, असं विचारल्यावर ते हसले. "मी त्या दिवशी नववीला महासागर शिकवत होतो. अ‍ॅटलास तुमच्याकडूनच नेला की. वय झालं वाटतं तुमचं." मग म्हणाले, "चित्रकलेच्या तासाला फुलं काढावीत, फळं काढावीत. नसत्या भानगडी हव्यात कशाला?"

शेवटी ग्रंथपालांनी मुलीला वाचनालयात बोलावलं.

"चित्र कोणाचं होतं?"

"आईचं. ऑपरेशननंतरचं." ती खाली बघत राहिली. "तिच्या छातीची एक बाजू काढली ना. तीच म्हणाली, घाबरू नको, नीट बघ आणि काढ."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही." मग ती म्हणाली, "सरांनीच घाबरून फाडलं ना? तसं असेल तर मी परत काढणार नाही. काहीच."

आईची जखम कशी दिसते, एवढंच ग्रंथपालांनी चाचरत विचारलं. मुलीने पेन्सिल घेतली. एक तिरकी रेघ ओढली आणि तिच्यावर एकमेकींजवळ बारीक आडव्या रेघा मारल्या. टाके.

ग्रंथपाल त्या रेघेकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी अ‍ॅटलास काढला.

शुक्रवारी सकाळी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर तो उघडा पडला होता. पर्यवेक्षकांना बोलावून घेतलं होतं.

"पोरांचा उद्योग," पर्यवेक्षक म्हणाले.

"पोरांना अ‍ॅटलास देत नाही मी." ग्रंथपाल म्हणाले. "आणि हा रूळ काढलेला नाही, चित्रातले टाके उमटलेत. पेन्सिलीचा कागदावर वळ राहतो. इथे बोट फिरवून बघा, वळ नाही. फवारा न मारलेला कोळसा समोरच्या कागदाला लागतो. सरांनी म्हणूनच बटर पेपर घातला होता. नेणाऱ्याला ते माहीत नव्हतं, तो बटर पेपर कपाटातच ठेवून गेला. ड्रॉइंगच्या पाव शीटवरचं चित्र घडी न घालता, कोणाला न दिसता न्यायचं तर एवढं मोठं पुस्तक शाळेत एकच आहे." त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. "त्या आठवड्यात ते एकाच माणसाने नेलंय. सर, तुम्ही. तक्रारही तुमचीच. चित्र समोर आलं असतं तर ती तासभरही टिकली नसती."

पर्यवेक्षकांनी नोंदवही मिटली.

"दरवर्षी प्रदर्शनाआधी मी एखाददुसरं चित्र काढून घेतो," ते म्हणाले. "बोभाटा नको म्हणून. हेही ओझरतं बघूनच उचललं आणि तक्रार टाकली. नीट बघितलं ते घरी गेल्यावर."

"मग गप्प का राहिलात? फाडलं तरी का नाही?" ग्रंथपालांनी विचारलं.

"माझ्या बहिणीला हेच झालं होतं. आम्ही सगळ्यांना सांगायचो, तिला ताप आहे. शेवटपर्यंत तापच."

त्यांनी शाळेतल्या आपल्या कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र आणून ठेवलं. मुख्याध्यापिकांनी चष्मा लावला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते पाहिलं. मग सरांचा कागद फाडला. सोमवारी सर कामावर येतील. पर्यवेक्षकांनी लेखी खुलासा द्यावा. चित्र प्रदर्शनात लावायचं का, ते नंतर बघू.

'नंतर बघू' म्हणजे काय, हे ग्रंथपालांना पक्कं ठाऊक होतं. चित्र उचलून ते तडक नववीच्या वर्गाकडे गेले.

सरांनी काही फाडलं नव्हतं, असं त्यांनी मुलीला सांगितलं. तिने चित्र उजेडात धरलं.

"खांदा पुसला गेलाय," ती कुरकुरली. "परत काढावा लागेल."

दुपारी त्यांनी उत्तर लिहिलं. माफीचे चार कागद फाडून झाल्यावर पाचव्यावर एवढंच उरलं: 'चित्र सापडलं. तुम्ही फाडलं नाही हे तिला कळलं आहे. सोमवारी या, येताना फवारा आणा.' टपालपेटीपाशी पत्ता दोनदा तपासून त्यांनी पाकीट आत सोडलं, आणि ते तळाला पडल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहिले.