एदेलमिराच्या गुडघ्यांचा त्याग

त्यागाइतकं पवित्र जगात काही नाही, आणि खरा त्याग नेहमी मुका असतो... एदेलमिराचा त्याग मात्र पेरू देशातल्या काय्याव बंदरातल्या कोळणींपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होता.

आज तर तो संगमरवरी फलकावर कोरून आला होता! गल्लीत दिव्याच्या खांबापासून समोरच्या दुकानाच्या गजांपर्यंत व्हॉलीबॉलचं जाळं बांधलं होतं, गाड्या निमूट वळसा घालून जात होत्या, घराघरात कोंबड्या तळल्या जात होत्या. कारण एदेलमिराची धाकटी बहीण नेलिदा इटली-तुर्कस्तानच्या संघांतून बावीस वर्षं खेळून, दुखरा खांदा घेऊन, कायमची घरी आली होती. निवृत्तीच्या दिवशी टीव्हीवर ती हुंदके देत म्हणाली होती, "माझ्या बहिणीने मुद्दाम गुडघे वाकवले, म्हणून मी इथे आहे!" सारा पेरू रडला. एदेलमिराने मात्र टीव्ही बंद केला, तो लाजेने महिनाभर पुन्हा लावला नव्हता.

तो दिवस! राजधानी लिमाहून संघासाठी मुली निवडायला आलेल्या प्रशिक्षकाने कोपऱ्यावरच्या क्लबच्या भिंतीला उंची मोजायची टेप चिकटवली होती. एक मीटर पंच्याहत्तरच्या खाली कोणी नको. सतरा वर्षांच्या एदेलमिराने श्वास कोंडला, मान ताणली, टाचा उचलल्या, केस तर सकाळपासूनच फुगवलेले होते... तरी दोन बोटं कमी! मागून चौदा वर्षांची नेलिदा आली आणि डोकं खाजवत पास झाली. घरी अंथरुणाला खिळलेली आई रडू लागली, "तू का गं नाही?" आणि त्या अभागी जिभेवरून निसटलं, "मीच गुडघे वाकवले, आई. दोघी गेलो तर तुझं कोण करणार?"

आईने ते शेजारच्या दोन्या तेओलिंदाला, म्हणजे तेओलिंदाबाईंना, सांगितलं. दोन्या तेओलिंदाला सांगणं म्हणजे बंदराचा भोंगा वाजवणं.

"एदेलमिरा, चल बाई!" तीच आता खिडकीतून ओरडली. "महापौर आलेत. फलकावरचा पडदा तुलाच ओढायचाय. आणि जरा रडून घे, डोळे कोरडे दिसतात!"

नेलिदा चौकटीखालून वाकून स्वयंपाकघरात आली. "एदे, निघायचं ना?"

"मी नाही येत." एदेलमिराने झाऱ्याने कढईतली कोंबडी उलटली. "नेली... मी गुडघे वाकवलेच नव्हते गं! टाचा उचलल्या होत्या! तुझ्याआधी मला जायचं होतं, तुला मागे टाकून जायचं होतं... इतकी वर्षं मी खोटारडी तुझ्या नावावर मिरवते आहे!"

नेलिदाने बशीतला बटाटा तोंडात टाकला. "ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मी रांगेत तुझ्या मागेच होते. तुझ्या टाचा चपलांतून वीतभर वर. मला वाटलं, आता उडतेस."

"मग टीव्हीवर..."

"टीव्हीवाल्यांना आधी खरंच सांगत होते." नेलिदाची मान खाली गेली. "की अकरा वर्षं आईला तू उचललंस, न्हाऊ घातलंस, भरवलंस. आणि ती गेली तेव्हा माझी फायनल होती, म्हणून मी आले नाही... ते म्हणाले, हे तर घरोघरी असतं, दुसरं काही आहे का? मग गुडघे सांगितले. लाज तुला कसली गं? तोंड लपवायचं ते मी! शेवटपर्यंत ती मला हाका मारत होती ना?"

"तुला नाही," एदेलमिरा म्हणाली. "मलाच. मी समोर बसलेली असताना. ओळखतच नव्हती."

मग मात्र दोघींचा बांध फुटला! एकमेकींच्या गळ्यात पडून त्या इतक्या रडल्या की एक अख्खी कोंबडी करपली... आणि झारा टाकून एदेलमिरा बाहेर गेली, महापौरांच्या हातातून माईक घेतला आणि गल्लीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "मी गुडघे वाकवले नव्हते! मी उंचीतच कमी पडले!"

महापौरांनी दोन्या तेओलिंदाकडे पाहिलं.

"बघा!" दोन्या तेओलिंदाने डोळ्याला पदर लावावा तसा एप्रन लावला. "अजून नाकारते! याला म्हणतात त्याग!"

टाळ्या थांबेनात.

टेप होती त्याच भिंतीवर, बऱ्याच उंचावर, फलक लावला आहे. शनिवारी तो पुसायचं काम एदेलमिराकडे असतं. तिला स्टूल लागतं.