खांद्यावरचा माठ

ही घटना खरी आहे. फोटोत काहीतरी गडबड केली असेल म्हणणाऱ्यांनी इथेच थांबावं. माझ्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे.

रात्रीची नाही, भर दुपारची गोष्ट. गेल्या महिन्यातला रविवार. डोंबिवलीत कोपरला आमच्या बिल्डिंगची गच्ची.

माझा धाकटा भाऊ साईनाथ फोटोग्राफी शिकतो. सिनेमा यायच्या आधी म्हणे ओळीने कॅमेरे लावून चालत्या माणसाचे फोटो काढायचे. माणसाच्या हातात बादली, झाडू, घागर, असलं घरातलंच काहीतरी असायचं. वस्तूवरून माणूस कोण ते कळतं, असं त्याच्या सरांनी शिकवलेलं.

त्याला तसेच फोटो हवे होते. त्याचे मित्र मोबाईल घेऊन ओळीत उभे राहिले. सगळ्यात शेवटी अद्वय.

साईनाथने स्वयंपाकघरातला रिकामा माठ आणला आणि खांद्यावर घेतला.

मागे खुर्चीत बसलेले बाबा चिडले.

"खांद्यावर काय घेतोस रे? मी जिवंत आहे अजून."

स्मशानात मुलगा बापाच्या चितेभोवती असंच पाण्याचं मडकं घेऊन फिरतो. दर फेरीला दगडाने त्याला भोक पाडतात. तिसऱ्या फेरीनंतर तो ते मागे टाकून फोडतो.

साईनाथ हसला आणि चालायला लागला. मला त्याचा अजून राग येतो.

तेवढ्यात आवाज आला...

टक्.

जरा वेळाने पुन्हा...

टक्.

कुणीच काही मारलं नव्हतं. माठ धडधाकट होता.

संध्याकाळी ग्रुपवर एकेक फोटो यायला लागला. पहिल्यात सगळं ठीक होतं. पुढच्यात माठातून पाण्याची बारीक धार...

मग दोन धारा.

साईनाथ सरळ चालला होता. फोटोत मात्र तो बाबांच्या खुर्चीभोवती फिरत होता.

मी गच्चीवर धावले. खुर्चीभोवती लादी ओली होती... गोल.

अद्वयचा फोटो आलाच नाही. मी फोन केला.

"ताई, डिलीट केला मी. मागू नकोस." मग हळूच म्हणाला, "काका घरात आहेत ना?"

माठ आम्ही फोडू शकत नाही. आईने तो गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. घरात खलबत्ता बंद आहे. साईनाथशी मी बोलत नाही.

अद्वयचा रोज सकाळी मेसेज येतो, काका बरे आहेत ना? मी 'हो' लिहिते.

आज चहा पिताना बाबांनी वर बघितलं आणि विचारलं, माळ्यावर कोण ठोकतंय?

आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

अद्वयला मी अजून उत्तर दिलेलं नाही...