रिकाम्या जागेतला नंबर

लाइट गेली तशी भवानी पेठेतल्या गच्चीवरची पोरं बसप्पाकाकांभोवती सरकली.

"काका, भुताचं सांगा की."

"भूतबित मला ठाऊक न्हाय. माझ्या भाचीचं सांगतो. खोटं वाटलं तर चंद्रिकालाच विचारा."

गेल्या पौषातली अमावस्या, रविवारची रात्र. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरत आलेली. चंद्रिका एका बाळांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम बघायची. काचपेटीतल्या बाळाची ऊब उतरली, की तिथली एक सेवा, म्हणजे कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम, आपोआप रात्रपाळीच्या माणसाला फोन लावायची. नंबर सेवेच्या पोटात लिहिलेला नसे. तो बाहेर, सेटिंगच्या फाइलीत. सेवा उठताना, म्हणजे सुरू होताना, यंत्रणा तो तिच्या हाती देई. नंबर नसेल तर सेवेनं उठायचंच नाही, असा नियम.

अन् फाइलीत नंबर होता गुरुशांतचा. रात्रपाळीचा ब्रदर, पुरुष नर्स. दिवाळीत गेला. भला माणूस, दाराशी चपला काढून आत शिरायचा अन् बाळांच्या कपाळी विभूती लावायचा. म्हणून त्याचा नंबर काढायला कुणाचा हात धजेना.

"वरीस तर सरू दे की गं," केराबाई म्हणाली. ती तिथली आया.

चंद्रिका भडकली. "मावशी, माणूस गेलाय. सिम बंद आहे. बाळांनी कुणाच्या भरवशावर राहायचं? उद्या एखादं थंड पडलं, तर तुमची माया त्याला ऊब देणार आहे का?"

केराबाई उठली. वॉर्डाच्या दारात जाऊन बसली.

चंद्रिकानं नंबर पुसला. नवा लिहिण्याआधी नियम तपासावा म्हणून सेवा तशीच सुरू केली. रिकामी. आता ती अडणार, लाल ओळ येणार…

पडद्यावर उमटलं, 'सेवा सुरू. नंबर मिळाला.'

कुणी दिला?

तिनं फाइल उघडली. जागा रिकामी. सेवेच्या हातातला नंबर पाहिला.

गुरुशांतचा.

सेवा बंद केली. पुन्हा सुरू केली. तोच. सगळा प्रोग्रॅम धुंडाळला. कुठंच नाही. तरी तोच.

"मग?" एका पोरानं विचारलं. काकांनी हातानंच गप्प केलं.

तेवढ्यात तिसऱ्या पेटीचा उबेचा आकडा उतरायला लागला. आत आठव्या महिन्यात जन्मलेली पोर होती. मुठीएवढी. चंद्रिका घाईघाईनं नवा नंबर टाईप करू लागली. बोटं चुकत होती. सेवेनं तिच्याआधीच फोन लावला.

कॉम्प्युटरच्या स्पीकरवर रिंग जात होती.

बंद सिमवर… रिंग.

उचलला.

"हॅलो?" चंद्रिका माइकवर वाकली. "हॅलो… कोण?"

तिकडून नुसता आवाज आला. दाराशी चपला काढल्याचा. एक… मग दुसरी.

ती धावली.

केराबाई वॉर्डाच्या दारात, पाय पसरून, टक्क जागी.

"मावशी, आत कोण गेलं?"

"कोण जाणार? मी हितंच हाय की."

आत अंधुक निळा उजेड. तिसरी पेटी बंद. खिट्टी लावलेली. आकडा हळूहळू वर चढत होता. चंद्रिकानं खिट्टी काढली. पोर गरम होती. श्वास चालू होता. डोळे उघडे. कुणाकडं तरी वर बघत होती. चंद्रिकाकडं नाही. तिच्या खांद्यामागं.

चंद्रिकानं मागं पाहिलं नाही.

काका थांबले.

"पोर जगली," काका हळू म्हणाले. "पण तिच्या कपाळावर…"

विभूती. तीन बोटांची. अजून ओली.